पुस्तक मिटलं की अभ्यास सुरू



मागच्या महिन्यात भंडाऱ्याहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं. चांगलं चार पानी. मुलगा एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षाला आहे. बारावीपर्यंत पहिला नंबर कधी सोडला नाही, ‘नीट’ही पहिल्याच खेपेला पार केली. आणि आता रात्री दोन-दोन वाजेपर्यंत खोलीत दिवा असतो, तरी कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेत दोन विषय राहिले. शेवटी बाई लिहितात, की मी दहावी शिकलेली. त्याची पुस्तकं मला उचलायलाच जड, वाचायची तर गोष्टच सोडा. चहा करून देण्यापलीकडे मी काय करणार?

ते वाचून मी पत्र तसंच मांडीवर ठेवून बसले. कारण दोन वर्षांपूर्वी आमच्या धरमपेठेतल्या घरी मीसुद्धा चहाच करून देत होते. आणि नेमकं तिथेच चुकत होतं! कसं ते सांगते.

पोरगी हुशार, मग नापास कशी?

आमच्या मोठ्या नणंदबाई यवतमाळच्या. त्यांच्या लेकीला नागपुरात डॉक्टरकीला प्रवेश मिळाला. आता नागपुरात अशी कॉलेजं काही एक नाही. १९४७ साली सुरू झालेलं आपलं ‘मेडिकल’ आहे, मेयो हॉस्पिटलचं १९६८ पासूनचं कॉलेज आहे, २०१८ साली एम्स आलं, शिवाय खाजगी वेगळी. त्यांतलं कुठलं ते सांगत नाही, पोरीला आवडायचं नाही. होस्टेलात खोली मिळत होती, पण नणंदबाई म्हणाल्या, “मामाचं घर असताना पोरगी होस्टेलात कशाला? आणि तू मास्तरीण. तुझं लक्ष राहील.”

माझं मास्तरीणपण ते केवढं? सकाळच्या पाळीत एका शाळेत अर्धवेळ मराठी आणि इतिहास शिकवते, इतकंच. पण शब्द दिला. मागची खोली तिला रिकामी करून दिली. गोकुळपेठेतून टेबललँप आणला. घरात टी.व्ही.चा आवाज बंद. तिला साधा चमचा विसळू दिला नाही. रात्री अकराला एक चहा, एकला दुसरा. दुसरा कप नेऊन ठेवताना ती पुस्तकात डोकं घालून बसलेली दिसली, की मला फार समाधान वाटायचं.

संक्रांतीच्या आधी नणंदबाईंचा फोन आला. “परीक्षेचं काय झालं गं? विचारलं तर म्हणते निकाल लागायचा आहे.” मला काहीच माहीत नव्हतं. त्या रात्री एकचा चहा घेऊन गेले, तर पलंगावर बॅग भरून ठेवलेली.

“मामी, मी उद्या यवतमाळला जाते. मला नाही जमत. मी हुशार नव्हतेच, बारावीचं नुसतं घोकलं होतं.”

निकाल लागून तीन आठवडे झाले होते. ॲनाटॉमी आणि बायोकेमिस्ट्री, दोन्हींत नापास. तीन आठवडे ही पोर आमच्यात बसून जेवत होती, सासूबाईंशी हसत होती, आणि हे ओझं एकटीच वाहत होती. माझ्या घरात! माझे हातपायच गळले. समजूत घालायला शब्द सुचेनात. मग वर्गातल्या सवयीने तोंडून निघून गेलं, “जायचं तर जा. पण आज काय वाचलंस ते मला सांग, आणि मग जा.”

पुस्तक उघडंच होतं. मानेतून निघून काखेतून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचं जाळं, ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात त्याला. पान अर्धं पिवळं, अर्धं गुलाबी रंगवलेलं. तीनदा वाचून झालं होतं म्हणे. मी पुस्तक मिटलं आणि काखोटीला मारलं. “सांग.”

दोन वाक्यं आली. तिसऱ्याला ती अडली. मग रडकुंडीला येऊन म्हणाली, “मामी, पुस्तक समोर असलं ना, की सगळं येतं हो!”

अहो, हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय! आमच्या आठवीतल्या पोरांच्या तोंडून. “बाई, येत होतं, पण पेपरात आठवलं नाही.” तेव्हा लक्षात आलं, की ही पोरगी आळशी नाही, मठ्ठही नाही. तिची फक्त फसगत होतेय.

ओळखीचं वाटणं वेगळं, आठवणं वेगळं

मी यांच्या स्कूटरवर मागे बसून दहा वर्षं लक्ष्मीभुवन चौकातून शंकरनगरकडे, तिथून बजाजनगरकडे गेले. प्रत्येक दुकान ओळखीचं. पुढे स्वतःची गाडी हाती आली, तेव्हा दुसऱ्या दिवशी कुठे वळायचं ते आठवेना. मागे बसून रस्ता ओळखीचा होतो, पण आपला होत नाही. पान पुन्हा पुन्हा वाचणं म्हणजे मागे बसून जाणं आहे. तिसऱ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं लागतं, आणि मनाला वाटतं, आलं! प्रत्यक्षात आलेलं नसतं.

बारावीपर्यंत हे झाकून जातं. तेव्हा विषय थोडे आणि उजळणी तीच ती. शिवाय ‘नीट’च्या प्रश्नाखाली चार उत्तरं छापलेली असतात, त्यांतलं बरोबर ओळखायचं असतं. एम.बी.बी.एस.ला ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्री एकदम अंगावर येतात. कोऱ्या कागदावर लिहायचं, आकृती काढायची आणि तोंडी परीक्षेत मास्तरांच्या समोर हाड हातात धरून बोलायचं. तिथे ओळखून भागत नाही, आठवावं लागतं.

मी तिच्याशी करार केला. “एक महिना मी सांगते तसं कर. नाहीच जमलं तर मीच तुला यवतमाळच्या बसमध्ये बसवून देईन.” आणि शाळेतल्या बी.एड. झालेल्या बाईंकडून चार गोष्टी विचारून, वाचून घेतल्या. मला वाटलं होतं तो माझा अडाणी अंदाज असेल. पण यावर चांगले प्रयोग झालेले आहेत.

१८८५ साली एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं, की पाठ केलेलं पहिल्या काही तासांतच भराभर गळून जातं, आणि मग गळण्याचा वेग मंदावतो. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला. काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे, ८१ विरुद्ध ७५ टक्के. पण आठवड्याने विचारलं तर पारडं फिरलं. पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६.

हे झालं साध्या उताऱ्यांचं. डॉक्टरांवरही प्रयोग झालाय. २००९ साली छापून आलेल्या एका अभ्यासात शिकाऊ डॉक्टरांनी दोन आजारांची माहिती घेतली. एकाची त्यांनी अधूनमधून लेखी चाचणी दिली, दुसऱ्याची टिपणं तितक्याच वेळा वाचली. सहा महिन्यांनी चाचणी दिलेल्या विषयात ३९ टक्के गुण, नुसत्या वाचलेल्यात २६. म्हणजे दोघांचंही बरंच गळलं, पण आठवायचा सराव केलेलं जास्त टिकलं. आणि रोगी तर सहा महिन्यांनीच समोर येणार ना!

आमच्या घरातली व्यवस्था

आता आम्ही प्रत्यक्ष काय केलं ते लिहिते.

पहिलं, पुस्तक मिटून सांगणं. रोज संध्याकाळी मी पोळ्या लाटायला बसले, की ती स्वयंपाकघरात स्टुलावर. वीस मिनिटं. पुस्तक माझ्या पुढ्यात, कणकेचे हात लागू नयेत म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत. ती बोलायची, मी ओळीवर नजर ठेवायची. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे. पण शब्द आला की नाही, एवढं तर कुणालाही दिसतं. अडली की मी सांगत नसे, आधी थांबायची. त्या अडून शोधण्यातच अभ्यास असतो. मगच पान उघडायचं.

ते मज्जातंतूंचं जाळं तिने माझ्या जुन्या पाटीवर काढायला घेतलं. पाच मुळं, त्यांची तीन खोडं, खोडांचे सहा फाटे, फाट्यांचे पुन्हा तीन दोर आणि मग हाताकडे जाणाऱ्या शाखा. पहिल्या दिवशी निम्मी आकृती. पुसली. तिसऱ्या दिवशी पाऊण. पुसली. आठवड्याने पोरीने पोळी भाजता भाजता मागे न बघता ती काढली.

दुसरं, मिठाईचे पाच डबे. ही युक्ती सेबास्टियन लाइटनर नावाच्या जर्मन पत्रकाराने १९७२ साली पुस्तकात मांडली. आमच्याकडे जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा पडला होता. त्या पत्त्यांएवढ्या कापल्या. कोऱ्या बाजूला वर प्रश्न, खाली घडी घालून उत्तर. एका पत्त्यावर एकच प्रश्न, हे मात्र पाळायचं. सगळे पत्ते पहिल्या डब्यात. उत्तर बरोबर आलं की पत्ता पुढच्या डब्यात, चुकला की पुन्हा पहिल्यात. पहिला डबा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने आणि पाचवा महिन्याने काढायचा, असं आम्ही ठरवलं. म्हणजे येतं तेच तेच घोकण्यात वेळ जात नाही, आणि येत नाही ते लपून राहत नाही. आजकालची मुलं हेच काम संगणकावर किंवा मोबाईलवर ‘ॲन्की’ नावाच्या सोयीने करतात. तीही छान आहे. फक्त दुसऱ्याने केलेले हजारो पत्ते एकदम घेऊन बसलं, तर रोजचा ढीग बघूनच छाती दडपते. आपले पत्ते आपण करावेत, थोडे करावेत.

तिसरं, आजीला समजावून सांगणं. हे सासूबाईंचं खातं. एकदा त्या म्हणाल्या, “इतकं वाचून राहिली पोरगी, मग मला सांग, मी न्हाणीत पडली होती तवा माझं कोणतं हाड मोडलं?” पोरीने आजीचा हात हातात घेतला. “आजी, हे मनगटाजवळचं, अंगठ्याच्या बाजूचं. रेडियस. पडताना आपण हात टेकवतो ना, सगळं वजन इथे येतं. वय झालेल्या बायकांची हाडं विरळ झालेली असतात, म्हणून इथेच मोडतं.” “अन तरुण पोट्ट्याचं?” “त्याचं बरेचदा हे लहान हाड मोडतं, स्कॅफॉइड. त्याला रक्त उलट्या बाजूने, बोटांकडून येतं, म्हणून ते लवकर जुळत नाही.” आजीने मान हलवली. पोरगी माझ्याकडे बघून म्हणाली, “मामी, हे मला आत्ता कळलं!” पाठ होतं, कळलं आजीला सांगताना.

असं होतं कारण ‘का?’ विचारलं, की सुटे तुकडे एकमेकांना धरून बसतात. आणि ज्यांचं शालेय शिक्षण मराठीतून झालंय, त्यांच्यासाठी तर ही वाट सोन्याची आहे. आधी घरच्या मराठीत समजून घ्यायचं, मग तेच इंग्रजीत लिहायचं. इंग्रजी वाक्य न समजता पाठ केलं, तर एक शब्द निसटला की सगळंच निसटतं.

सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत, म्हणजे इथून जवळच, १९६९ साली कॉलेज सुरू झाल्यापासून खेड्यांशी नातं ठेवलेलं आहे. मुलांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, तिथे जाऊन राहते. २०१९ पासून देशभर लागू झालेल्या अभ्यासक्रमातही रोग्याशी बोलणं हा शिकण्याचा भाग केला आहे. तेव्हा घरातल्या आजीला कळेल असं सांगता येणं हा काही विरंगुळा नव्हे, ती डॉक्टरकीची सुरुवात आहे.

चौथं, लक्षात ठेवायच्या कड्या. मनगटात आठ लहान हाडं असतात, दोन ओळींत. अंगठ्याच्या बाजूने करंगळीकडे स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रल, पिसिफॉर्म. पुढची ओळ पुन्हा अंगठ्याकडून, ट्रॅपेझियम, ट्रॅपेझॉइड, कॅपिटेट, हॅमेट. इंग्रजीत यासाठी वाक्यं आहेत, पण काही अशी की पोरगी ती माझ्यासमोर म्हणेना! मग आम्ही आपलं बनवलं: ‘सासूबाई लवकर ताट पुसा, ताक तूप काढून हसा.’ सासूबाई दोन दिवस फुरंगटून होत्या, की मला काहून ताटं पुसायला लावता म्हणून! पण पहिल्या अक्षरांवरून आठही हाडं ओळीने येतात. मात्र अशा कडीचा उपयोग नावांपुरता. कोणतं हाड का मोडतं हे त्यात नसतं, ते ‘का’ विचारूनच येतं.

पाचवं, मिसळून विचारणं. एक धडा संपवून त्याचेच दहा प्रश्न सोडवले की सोपं वाटतं, कारण उत्तर कुठल्या धड्यातलं ते आधीच माहीत असतं. परीक्षेत आणि रोग्यासमोर तसं कुणी सांगत नाही. म्हणून आम्ही रविवारी सगळ्या डब्यांतले पत्ते पिसायचो. आमच्या ह्यांना पत्त्यांची हौस. ते पान टाकावं तसा एकेक प्रश्न टाकायचे. पुढच्या वर्षांत हृदयाचे आलेख वाचायला शिकतात, तिथेही वेगवेगळ्या आजारांचे आलेख मिसळून सराव केला तर ओळखायला चांगलं येतं, असं २००३ सालच्या एका प्रयोगात दिसलं होतं. विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवणं, मैत्रिणीने मैत्रिणीला तोंडी विचारणं, ही त्यातलीच भावंडं.

कशात वेळ जातो

ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठाचे डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा पद्धती तपासून बघितल्या. सगळ्यांत उपयोगी ठरल्या दोन: स्वतःची चाचणी घेणं, आणि अभ्यास दिवसांमध्ये विभागून करणं. रंगीत पेनाने ओळी रंगवणं, पुन्हा पुन्हा वाचणं, या मुलांच्या सगळ्यांत आवडत्या पद्धती मात्र खालच्या पायरीवर. म्हणजे आमच्या घरात तीन महिने चाललेलं सगळं!

पुस्तकातून वहीत सुंदर अक्षरात उतरवून काढणं हाही एक फसवा उद्योग. हात दुखतो, वही भरते, मन मात्र मोकळंच राहतं. वही काढायचीच तर पुस्तक मिटून काढावी, आणि राहिलेलं नंतर वेगळ्या शाईने भरावं. मोबाईलवरच्या व्याख्यानांचं तेच. समजायला उत्तम, पण तासभर बघून झाल्यावर दहा मिनिटं काय कळलं ते लिहिलं नाही, तर ते मालिका बघण्यासारखंच झालं.

आणखी एक समज. कुणी डोळ्यांनी शिकतं, कुणी कानांनी, आणि प्रत्येकाला त्याच्या प्रकाराने शिकवावं, असं सांगतात. २००८ साली चार मानसशास्त्रज्ञांनी यावरचं संशोधन चाळून सांगितलं, की त्याला पुरेसा पुरावा नाही. तेव्हा ‘माझा प्रकारच वेगळा’ म्हणून पोराने आठवायचा सराव टाळू नये. हाड बघायचं, हाताळायचं, काढायचं आणि बोलायचं. सगळंच करायचं.

आता त्या चहाचं

एकचा चहा मी बंद केला. झोपेत मेंदू दिवसभराचं शिकलेलं पक्कं करत असतो. झोप तोडून केलेला अभ्यास म्हणजे एका हाताने भरायचं आणि दुसऱ्याने सांडायचं. साडेअकराला दिवा बंद, सहाला उठणं. पहिले चार दिवस तिला अपराध्यासारखं वाटलं. मलाही. शेजारच्या खिडकीत दिवा दिसला की जीव खालीवर व्हायचा. पण आठवड्याने तिची सकाळची मान दुखायची थांबली.

कामंही थोडी दिली. कोथिंबीर निवडणं, झाडांना पाणी, कोपऱ्यावरून दूध. खोलीत कोंडून ठेवण्यात मी तिच्यावर उपकार करत नव्हते. तासाभराच्या अभ्यासानंतर दहा मिनिटं हात-पाय हलले, कुणाशी दोन शब्द झाले, की डोकं ताजं होतं. मे महिन्यात तर दुपारी कूलरसमोरसुद्धा पुस्तक धरवत नव्हतं, तेव्हा अभ्यास पहाटेवर आणला आणि दुपारची डुलकी सक्तीची केली.

आनंदीबाई जोशी आठवतात. १८८३ साली एकटी मुलगी समुद्रापार गेली, १८८६ साली फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ला क्षयाने गेली. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. तिथली थंडी आणि परकं अन्न तिला मानवलं नव्हतं. पदवी आली, डॉक्टरीण राहिली नाही. आपल्या पोरांना थंडीत कुडकुडायची वेळ नाही, पण जेवण आणि झोप अजूनही आपल्याच हातात आहे.

सगळ्यांत अवघड काम

ते होतं नणंदबाईंना सांगणं. भाची म्हणाली, “मामी, तुम्ही सांगा ना.” मी म्हटलं, “मी शेजारी बसते, सांगायचं तूच.” फोन लावला. तिने सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांत. मग नणंदबाई माझ्यावर घसरल्या, “तुझ्यावर सोडली होती ना गं मी!” लागलं मला. पण त्यांचं काय चुकलं? मी दिवा बघितला, कप बघितले. पोरीचं तोंड बघायचं राहिलं. थोड्या वेळाने त्यांचाच फोन परत आला. मला नाही, लेकीला. “जेवलीस का?” एवढंच विचारलं. त्या रात्री पोरगी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

म्हणून आयांना हात जोडून सांगते, नापास झाल्याची बातमी घरी आणायला पोराला भीती वाटू नये, एवढं आधी करा. कॉलेजची अंतर्गत परीक्षा म्हणजे विद्यापीठाची परीक्षा नव्हे, आणि तीही पुन्हा देता येते. ‘शेजारच्याला किती’ हे विचारू नका. जो पहिलीपासून पहिला आला, त्याला हरायची सवयच नसते. तो गप्प होतो. पोर जेवेनासं झालं, झोपेनासं झालं, ‘मी नसतो तर बरं’ असं काही बोलू लागलं, तर अभ्यासाचं पुस्तक बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, त्याला एकटं सोडू नका. सरकारची ‘टेली मानस’ म्हणून फोनसेवा २०२२ साली सुरू झाली आहे, क्रमांक १४४१६. मन दुखलं तर दाखवण्यात कमीपणा कसला? उद्या हीच मुलं दुसऱ्यांना तसं सांगणार आहेत.

भंडाऱ्याच्या ताईंसाठी

ताई, तुमची दहावी भरपूर आहे. हे कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा:

१. रोज वीस मिनिटं पुस्तक तुमच्या हातात, बोलायचं त्याने.
२. अडला तर लगेच सांगू नका. मनात वीसपर्यंत मोजा.
३. जुन्या पत्रिका कापा, पाच डबे रिकामे करा.
४. ‘मला कळेल असं सांग’ म्हणा, आणि नाही कळलं तर मोकळेपणाने ‘नाही कळलं’ म्हणा.
५. आज शिकलेलं आज संध्याकाळी, तीन दिवसांनी, आठवड्याने, महिन्याने.
६. मध्यरात्रीचा चहा बंद.
७. गुण विचारण्याआधी जेवण विचारा.

आमच्या भाचीचं पुढे काय झालं, ते तुम्ही विचारणारच. चमत्कार झाला नाही. पुढच्या अंतर्गत परीक्षेत ती ॲनाटॉमीत काठावर पास झाली, बायोकेमिस्ट्रीत बऱ्यापैकी. विद्यापीठाची परीक्षा पहिल्या खेपेला सुटली. पदक नाही, फोटो नाही. आता ती आपणहून होस्टेलात राहायला गेली आहे, डबे घेऊन. मैत्रिणी एकमेकींना विचारतात म्हणे.

परवा रविवारी आली होती. वॉर्डात खेड्यातली एक म्हातारी होती, मनगट मोडलेलं. प्लॅस्टर काढून टाका म्हणून हट्ट धरून बसलेली. हिने तिच्याजवळ बसून आमच्या आजीला सांगितलं होतं तसंच सांगितलं, हाडं विरळ कशी होतात, जुळायला वेळ का लागतो. म्हातारीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “असं सांगितलं असतं तर मी काहून भांडली असती, बाप्पा!”

सासूबाई शेजारीच होत्या. म्हणाल्या, “पाहा. ताटं मीच पुसली होती.”

तुमच्या घरी अभ्यासाच्या काय युक्त्या चालतात, काय फसतात, मला जरूर कळवा. निवडक पत्रांविषयी पुढे लिहीनच.